खड्याचं कारण भाकरी नव्हे

नेरूळ, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर पोट साफ न होण्याचा विषय निघाला की आई, तू "ताटावर बसलोय" म्हणून तोडतेस आणि बाबा, तुम्ही "होतं, होतं" एवढंच म्हणता. म्हणून लिहून पाठवते आहे. दिवसभर परक्या लोकांना जे सांगते, ते घरच्यांना सांगायला लाज कसली?

बाबांच्या साखरेचा रिपोर्ट आला आणि तुम्ही दोघांनी एका सोमवारी सगळं ताटच बदललंत. भात बंद, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, सकाळी ओट्स, वाटीभर कच्चे मोड, पेरू, वरून दोन चमचे गव्हाचा कोंडा. तूप बंद, चहाही बंद. आता आठवडाभरातच पोट डब्ब, मळाचा खडा होतोय, कुंथावं लागतंय, आणि दोष चाललाय भाकरीकडे. भाकरीचा दोष नाही. जे दोन महिन्यांत करायचं, ते तुम्ही एका दिवसात केलंत.

हिशेबच बघा. चोथा, म्हणजे फायबर, ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण दहा ग्रॅम असतो. पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे पाच ग्रॅम, चार भाकऱ्यांचे वीस. मोड, ओट्स, पेरू, काकडी-गाजर आणि कोंडा धरला की आकडा चाळिशीच्या घरात जातो. पूर्वी वरण-भात, चाळलेल्या कणकेच्या पोळ्या आणि थोडी भाजी यांतून तो पंधरा-वीसच्या आसपास होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगितला आहे. तिथपर्यंत पोहोचायचंच आहे, पण आठवड्याला पाच ग्रॅमच्या हिशेबाने. मोठ्या आतड्यातले जिवाणू हा चोथा आंबवतात आणि त्यातून गॅस होतो. नव्या खुराकाला सरावायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. तोवर गुडगुड, थोडी तडस आणि वारा सरणं हे चालायचंच.

खडा का झाला, ते वेगळं. चोथा पाणी धरून ठेवतो म्हणून मळ मऊ राहतो, पण धरायला पाणी तर हवं. भात बंद केलात तेव्हा त्यासोबतचं पाणीही गेलं, कारण शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वरणही भातासोबतच जायचं, तेही कमी झालं. त्यात हा ऑक्टोबरचा उन्हाळा, दुपारी ठाण्याला नौपाड्यात पंख्याखालीसुद्धा घाम फुटतो. कोरडा कोंडा कोरड्या आतड्यात गेला की नुसता ढीग वाढतो, सरकत काही नाही.

तर उद्यापासून असं करा. कोंड्याचा डबा बंद. रात्री एक भाकरी, दुपारी नेहमीच्या पोळ्या. कणीक मात्र न चाळता घ्या, किंवा आई, ती मैद्याची बारीक चाळणी सोडून मोठ्या भोकाची घे, खडे-काड्या गेल्या की पुरे. उसळ सध्या अर्धी वाटीच. भात दुपारी अर्धी वाटी परत सुरू करा. बाबांच्या साखरेला तो वरण आणि भाजीबरोबर फार जड जाणार नाही. आठवडाभराने पोट शांत असेल तर दुपारची एक पोळी काढून तिथे भाकरी. पुढच्या आठवड्यात उसळ अर्ध्या वाटीवरून वाटीभर. फळ त्यानंतर वाढवा. एका वेळी एकच बदल, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळेल. दोन बदल एकदम केलेत की शेवटी ज्याच्यावर आधीपासून राग आहे, त्याच्यावरच खापर फुटतं.

मोड कच्चे नकोत. आपल्या दमट हवेत मोड आणायला जी ऊब लागते, तीच जंतूंनाही मानवते, आणि तुमच्या वयात ते पोटाला महाग पडतं. कुकरमध्ये शिट्टी न लावता पाच-सात मिनिटं वाफवा, मग हिंग-जिऱ्याची फोडणी. मूग आणि मटकीपासून सुरुवात. राजमा, छोले महिनाभर थांबू देत. जेव्हा कराल तेव्हा रात्रभर भिजवून ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या साखरा भिजवलेल्या पाण्यात बऱ्यापैकी उतरतात. कोबी, फ्लॉवर आणि कच्चा कांदा या पंधरवड्यात कमीच. त्याऐवजी दुधी, पडवळ, भेंडी, लाल माठ. जांभळी नाक्याला सकाळी गेलात तर हे सगळं ताजं मिळतं, आणि तेवढंच चालणंही होतं.

बाबा, तुमच्या कवळीचा मुद्दा बोलायचा राहिलाच. भाकरी नीट चावली जात नसेल तर घास अर्धवट गिळला जातो आणि मग पोट जड वाटतं. आमटीत किंवा ताकात कुस्करून दहा मिनिटं ठेवा. त्यात कमीपणा नाही, गावाकडे आजोबा तेच करायचे. पेरूच्या बिया दातांत अडकतात म्हणून पेरू सोडायची गरज नाही. पिकलेला घ्या, पातळ फोडी करा, साल ठेवा. तोही जमत नसेल तर वाटीभर पपई. रस मात्र काढू नका. रसात साखर उतरते आणि चोथा गाळणीत राहतो.

तुपाचं काय, ते आई विचारणारच. प्रत्येक जेवणात एक छोटा चमचा घ्या. जेवणातली स्निग्धता आतड्यांना हलायचा इशारा देते. अगदी कोरडं जेवलं की तो इशारा क्षीण होतो. चहाही सकाळचा एक कप परत सुरू करा, बिनसाखरेचा. वर्षानुवर्षं चहा घेतला की मगच उठायची सवय असलेल्या पोटाला अचानक तो काढून घेतला तर ते रुसणारच.

पाणी दोघांनी मोजून प्या. बाबांचा स्टीलचा तांब्या लिटरभराचा असावा, एकदा दुधाच्या पिशवीने मापून खात्री करा. असे प्रत्येकी दोन तांबे दिवसाला, त्यात ताक, आमटी, सार सगळं धरा. रात्री उठावं लागतं म्हणून बाबा पाणी टाळतात, हे मला ठाऊक आहे. त्यावर तोड अशी, की पहिला तांब्या दुपारच्या जेवणाआधी संपवायचा, दुसऱ्यातला बराचसा संध्याकाळी सहापर्यंत, आणि नंतर घोट-घोट. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाण्याला मर्यादा घातली असेल तर त्यांचाच आकडा पाळा, माझा नाही.

आता इसबगोल. ते घ्यायला हरकत नाही, पण तुमच्याकडे ते घेतात ती पद्धत चुकीची आहे. अर्ध्या कपात ढवळून ठेवायचं, तेवढ्यात पेपर वाचायचा, मग खळीसारखं झालेलं चमच्याने खायचं. असं केलंत तर ते आतलंच पाणी शोषून घेतं, आणि घशात अडकायची भीती वेगळी. आधी मोठा ग्लास पाण्याने काठोकाठ भरा. त्यात एक छोटा चमचा भुसा टाका, दोनदा ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत एका दमात प्या. लगेच वर दुसरा ग्लास. आडवं व्हायच्या आधी घेऊ नका, रात्री घ्यायचं तर जेवणानंतर लगेच, म्हणजे तास-दीड तास बसणं होईल. परिणाम दिसायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. दुसऱ्या सकाळी काही झालं नाही म्हणून चमचे वाढवायचे नाहीत. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर. आई, तुझी थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटीच. इसबगोल त्या वेळी नको, आणि कॅल्शियम, लोह तिच्यापासून चार तास लांब.

कॅल्शियम आणि लोहाच्या तुझ्या या दोन्ही गोळ्या पोट घट्ट करतात. लोहाने मळ काळपट होतो, त्याला घाबरायचं नाही. बंद मात्र स्वतःहून करू नकोस. डॉक्टरांना सांग, ते प्रकार किंवा वेळ बदलून देतात. बाबांच्या रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि गुडघ्यासाठी दिलेल्या कडक वेदनाशामक गोळ्याही हेच करतात. पुढच्या खेपेला सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, तोंडी नावं सांगू नका.

चूर्णाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. बाबांच्या डब्यामागचं लेबल वाचा. बाजारातल्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून हलवते. कधीतरी एखादा दिवस ठीक. पण रोज घेतलं की घोटाळा होतो तो असा. चूर्णाने आतडं आज पूर्ण रिकामं होतं. उद्या, परवा बाहेर यायला आत काही नसतंच. माणूस म्हणतो, दोन दिवस झालं नाही, आणि पुन्हा चमचा घेतो. अशाने महिनाचे महिने चूर्ण चालतं आणि आतड्याला स्वतःहून हलायची संधीच मिळत नाही. त्यातल्या पुष्कळांत मीठही असतं, रक्तदाबाच्या माणसाला ते कशाला हवं? एरंडेल तर नकोच, पोटात मुरडा येतो आणि अंगातलं पाणी जातं.

रोज झालंच पाहिजे, हा हट्टही सोडा. दिवसातून तीनदापासून आठवड्यातून तीनदापर्यंत सगळं सामान्यात मोडतं, खडा आणि कुंथणं नसलं म्हणजे झालं. किती वेळा यापेक्षा कसं झालं, ते बघायचं. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली मळाचे सात प्रकार छापले, तेच आजही दवाखान्यांत वापरतात. एक म्हणजे शेळीच्या लेंड्या, दोन म्हणजे गाठीगाठींचा लांबट गोळा. तीनला वरून भेगा असतात, चार गुळगुळीत आणि मऊ, पिकल्या केळ्यासारखा. पाच मऊ तुकडे, सहा लगदा, सात नुसतं पाणी. आपल्याला तीन-चार हवेत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब मांडता तसा त्या दिवशीच्या चौकोनात आकडा लिहा. एक-दोन आले तर पाणी कमी पडतंय. सहा-सात आले तर काहीतरी जास्त झालंय, तिथे इसबगोल वाढवून उपयोग नाही. स्टेशनकडची मिसळ खाऊन झालेली धावपळ मात्र "पोट साफ झालं" यात धरायची नाही, बाबा.

बसण्याचं. गुडघ्यांमुळे कमोड घेतलात ते बरोबरच, पण त्यावर सरळ बसलं की गुदमार्गाला बाक राहतो आणि जोर लावावा लागतो. उकिडवं बसलं की तो बाक सरळ होतो. म्हणून पायांखाली सहा ते आठ इंचांचं काहीतरी हवं. देवघरातला पाट दोन-तीन इंचांचा, तो पुरणार नाही, आणि एकावर एक दोन पाट ठेवायचे नाहीत, ओल्या फरशीवर घसरतील. न्हाणीतलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल, खाली रबराचे पाय असलेलं, ते घ्या. गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांडीवर, पोट सैल. श्वास रोखून जोर करू नका, त्याने रक्तदाब उसळतो आणि चक्कर येऊन पडायची भीती असते. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल आणि पेपर बाहेर.

वेळही ठरवा. नाश्ता आणि चहा झाल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत आतड्याची मोठी लाट येते, सकाळी ती सगळ्यांत जोरदार असते. नेमकी त्या वेळी बाबा बँकेत निघतात आणि आई, तू कामवालीच्या मागे असतेस. लाट दाबली की मळ मागे सरकतो, आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं आणि दुपारपर्यंत खडा तयार. भावना झाली की उठायचं, दूधवाला थांबेल. रात्रीच्या जेवणानंतर तलावपाळीला एक सावकाश फेरी मारा, तेवढं पुरे.

एकादशीची साबुदाण्याची खिचडी ही या घरातली ठरलेली अडचण. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाही. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी आणि ताक घ्या, उपास मोडत नाही.

या गोष्टींत थांबायचं नाही, सरळ डॉक्टर: मळात रक्त, लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखा काळा मळ, प्रयत्न न करता वजन उतरणं, किंवा काही आठवडे सवय बदललेलीच राहणं. पोट फुगलंय, वाराही सरत नाही आणि उलट्या होतात, असं झालं तर रात्र काढायची नाही, लगेच रुग्णालय. आणि एक फसवं लक्षण. चार-पाच दिवस काही नाही, मग अचानक थोडं-थोडं पातळ गळतं, तर ते जुलाब नसतात. खडा आत अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. अशा वेळी जुलाबाची गोळी नको, इसबगोल आणि कोंडाही नको. आधी डॉक्टरांकडून अडलेलं मोकळं करून घ्यायचं, चोथा नंतर.

मी शनिवारी ठाण्याच्या गाडीने येते. मोठ्या भोकाची चाळणी आणि स्टूल घेऊन येईन, तुम्ही आणू नका. आई, कोंड्याचा डबा तोवर वरच्या फळीवर टाक. आणि आज रात्री बाबांना एकच भाकरी वाढ, आमटी दोन वाट्या.

तुमची
लेक