फिक्या रंगांचा निवाडा भिंतीवरच

मा. संपादक,
स. न.

घरसजावटीच्या पानावर दोन शेडच्या चौकटी शेजारीशेजारी छापायच्या आणि खाली ‘तुमच्या खोलीला कोणती?’ असे विचारायचे, हा प्रकार आता सर्रास दिसतो. निवड लाल आणि गडद निळ्यात असती तर या चौकटी चालून गेल्या असत्या. पण लोक अडतात ते हिरवट राखाडी घ्यावा की बदामी राखाडी, अशा दबलेल्या रंगांपाशी, आणि तिथे छापील चौकट हमखास फसवते. छपाईत असा रंग निळी, किरमिजी आणि पिवळी या शाया एकमेकींना तोलून तयार होतो. एखादी शाई किंचित जास्त पडली की राखाडी गुलाबी होतो, नाहीतर हिरवा. त्यात वर्तमानपत्राचा कागद मुळातच पांढराशुभ्र नसतो. मोबाइलच्या पडद्यावरही विश्वास टाकू नये. निदान चौकटीखाली शेडचा नंबर आणि एलआरव्ही छापलात तर वाचकाला दुकानात नेमके काय मागायचे ते तरी कळेल.

एलआरव्ही म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा किती प्रकाश तो रंग परत फेकतो, त्याचा आकडा. काळ्याचा शून्याच्या आसपास, चांगल्या पांढऱ्याचा ८५ च्या पुढे. दोन शेडमध्ये १०–१५ चा फरक असेल तर प्रश्न उजेडाचा आहे. खोली किती उजळ हवी ते ठरवा आणि मोकळे व्हा. पण ५८ आणि ६१ असे आकडे असतील तर उजळपणा जवळपास सारखाच, मग निर्णय झाकेवर घ्यायचा.

झाक ओळखायची सोपी रीत म्हणजे शेड कार्डाची पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून त्याच पट्टीतली सर्वांत गडद शेड पाहणे. फिक्या शेडमध्ये लपलेला जांभळा, हिरवा किंवा गुलाबी तिथे बहुधा उघडा पडतो. दोन्ही उमेदवार एकमेकांना चिकटवून मात्र पाहू नयेत. हिरवट राखाडीशेजारी ठेवलेला बदामी राखाडी आहे त्याहून गुलाबी दिसतो. पॅरिसच्या गोबलँ या टॅपेस्ट्री (भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे) बनवणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांच्याकडे काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली होती. खोट रंगात नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे तो काळा तसा दिसत होता. या परिणामावर त्यांनी १८३९ साली ग्रंथच प्रसिद्ध केला. जुन्या रंगाच्या भिंतीवर थेट नमुना मारला की हीच गफलत होते: भिंत पिवळसर असेल तर कोणताही राखाडी निळाच भासतो. शिवाय त्या नमुन्याची जाड कड नवीन रंगाखालूनही उमटते.

म्हणून नमुना वेगळ्या फळीवर करावा. दोन फूट बाय दोन फूट हार्डबोर्ड घ्या. प्रायमरचा एक हात, वाळल्यावर रंगाचे दोन हात, दोन हातांमध्ये चार तास. भिंतीला जो रोलर लागणार तोच वापरा, ब्रशच्या रेघांनी रंग वेगळा दिसतो. नुसत्या लांबीवर (पुट्टीवर) मारलेला नमुना ग्राह्य धरू नका; लांबी रंगातला चिकट अंश शोषून घेते आणि पृष्ठभाग खडूसारखा, डागाळलेला होतो. ओल्या रंगावरूनही मत बनवू नये. बहुतेक इमल्शन वाळल्यावर थोडे गडद होतात, तेव्हा पूर्ण २४ तास जाऊ द्या.

फळी टेबलावर आडवी ठेवून पाहण्यात अर्थ नाही, तिच्यावर छताचा उजेड पडतो. ती उभी, भिंतीला टेकवून ठेवा. आधी खिडकीसमोरच्या भिंतीला, मग खुद्द खिडकीच्या भिंतीला, कारण तीच दिवसा सर्वांत काळवंडलेली असते. थेट ऊन न येणाऱ्या खोलीत आकाशाचा निळसर उजेड असतो, तिथे निळी झाक असलेला राखाडी पार थंडगार होतो आणि बदामी तग धरतो. संध्याकाळचे तिरपे ऊन येत असेल तर उलट. बदामी गुलाबी-नारिंगीकडे झुकतो आणि हिरवट राखाडी छान निवतो. रात्री, घरात खरोखर लावणार आहात त्याच दिव्याखाली पुन्हा पाहा. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा यांत एकच शेड दोन वेगळ्या रंगांची वाटेल. दिवसा जुळणाऱ्या दोन शेड दिव्याखाली फटकूनही वागतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये निराळी असतात. दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असेल तर दबलेले रंग मेलेले दिसत नाहीत.

फरशीकडे मात्र फार कमी लोक पाहतात. लालसर फरशी किंवा लाकूड भिंतीच्या खालच्या भागावर आपला रंग फेकते, खिडकीबाहेरचे झाड हिरवा फेकते. भिंती एकमेकींवरही फेकतात. एकाच शेडच्या दोन फळ्या काटकोनात उभ्या करून सांध्याकडे पाहा: तिथला रंग उरलेल्या भागाहून गडद आणि भरीव झालेला असतो. चारी भिंती रंगवल्यावर खोलीभर हेच होते. दोन शेडमध्ये अगदीच अडलात तर जी शेड कार्डावर जास्त मळकी वाटते ती घ्या, भिंतीवर तिलाच न्याय मिळतो, असे माझे मत. फक्त अंधाऱ्या खोलीत ‘उजळ दिसेल’ म्हणून फिका राखाडी देऊ नका. उजेडच नसेल तर तो परत काय फेकणार? तिथे तो सावलीसारखा, कळकट दिसतो.

फिनिश आधी ठरवा. तीच शेड मॅटमध्ये फिकी, चकाकीत गडद दिसते, आणि चकाकी लांबीतले उंचवटे दाखवते.

आता खरेदी. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ४४० चौरस फूट भिंत; दार-खिडकी वजा जाता साधारण ४००. लिटरला दोन हातांत ५० ते ६० चौरस फूट धरले तर ७ ते ८ लिटर लागतात. सगळा रंग एकाच वेळी घ्या. दबलेल्या शेडमध्ये पिवळा, काळा, लाल असे तीन-चार टिंट थोडेथोडे पडतात. भडक रंगात खपून जाणारी थेंबाची चूक इथे डोळ्यांत भरते, म्हणून दोन डब्यांत झाक बदलू शकते. सगळे डबे मोठ्या बादलीत ओतून एकजीव करावेत आणि मगच रोलर बुडवावा. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये (टिंट पडण्याआधीच्या मूळ रंगात) जुळवून घेणे अशा शेडना सहसा मानवत नाही. अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात उरवा आणि डब्यावर शेड नंबर, बेस, फिनिश, बॅच व तारीख लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणे बदलली जातात.

आपला,
रंगकामातला एक वाचक