पहाऱ्याविषयीही लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील, शिडाच्या नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या दांपत्यावरील लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र ‘पतीच्या साहसाला पत्नीची साथ’ हा जो सूर त्यात पहिल्यापासून लागला आहे, त्याविषयी व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हरकत नोंदवावीशी वाटते.

कॅनरी बेटांपासून कॅरिबियन बेटांपर्यंतचे सुमारे 2,700 सागरी मैल व्यापारी वाऱ्यांच्या भरवशावर कापायला अशा नौकेला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पाचव्या नियमानुसार जहाज लहान असो वा मोठे, त्यावर अष्टौप्रहर पहारा हवा. माणसे दोनच असली की एक झोपतो तेव्हा दुसरा जागतो, आणि त्या वेळेपुरते शिडे, दिशा व निर्णय हे सारे त्या एकट्याच्या माथी येते. आठ मैलांवर दिसलेला दिवा समोरून वीस नॉटने, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांनी, येणाऱ्या कंटेनर जहाजाचा असेल आणि नौका पाच नॉटने चालली असेल, तर दोघांची गाठ पडायला पुरती वीस मिनिटेही लागत नाहीत. जहाजावरच्या माणसांना आपण दिसत असू, या भरवशावर तर मुळीच राहू नये. फेसाळत्या समुद्रात ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या उंच कक्षातून, पांढरे शीड आणि फुटणारी लाट यांत फरक करणे भल्याभल्यांना जमत नाही, आणि रडारवरही फायबरच्या नौकेचा ठिपका लाटांच्या गर्दीत कधी उमटतो, कधी नाही.

मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्रज दांपत्याची हकीकत जुन्या वाचकांना आठवत असेल. घर विकून बांधलेल्या ‘ऑरलिन’ नौकेतून ते 1972 साली न्यूझीलंडकडे निघाले. 4 मार्च 1973 रोजी पॅसिफिकमध्ये देवमाशाच्या धडकेने नौका बुडाली आणि 30 जूनला ‘वोल्मी 306’ या दक्षिण कोरियन मासेमारी जहाजाने उचलेपर्यंत ते रबरी तराफा व लहान होडी यांच्या आधाराने तरंगत होते. दरम्यान सात जहाजे त्यांना न पाहता निघून गेली. नौकानयनाचे ज्ञान मॉरिसचे, हे खरे. पण त्याने उमेद सोडली तेव्हा, पोहताही न येणाऱ्या मॅरलिनने सेफ्टी पिना वाकवून मासे धरण्याचे गळ केले आणि पुढच्या नौकेचे बेत तराफ्यावरच आखायला घेतले. याला ‘साथ’ म्हणणे मला तरी पटत नाही.

आपल्याकडेही ऑक्टोबर 2024 ते मे 2025 या काळात नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी गोव्याहून निघून ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्याविषयी लिहिताना कोणी कोणाला साथ दिली, हा प्रश्न आपल्या वार्ताहरांना पडला नाही, तो दांपत्याच्या बाबतीत तरी का पडावा?

पुढच्या वेळी अशा प्रवाशांची मुलाखत घेताना सूर्यास्ताच्या छायाचित्रांची जागा थोडी कमी करून पहाऱ्याच्या वेळा कशा वाटल्या होत्या, हे जरूर विचारावे. त्याचबरोबर, एक जण पाण्यात पडल्यास दुसऱ्याने एकट्याने शिडे उतरवून, नौका मागे वळवून, भिजलेल्या कपड्यांनिशी जड झालेल्या जोडीदाराला वर ओढून घेण्याचा सराव दोघांनीही केला होता का, हेही छापावे.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी