माउंट स्ट्रीटच्या बाई

सिडनी,
९ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तुमचा प्रश्न घेते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही सगळं विचारलंत. इथली थंडी, छोटीचा खोकला, लोणचं उरलंय का. आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालात, "दादा सांगत होता, तू हल्ली चर्चमध्ये जाऊन बसतेस म्हणे." पुढे काही नाही. तुमचं ते 'म्हणे' मला चांगलं कळतं. भजनात कुणी बेसूर लागला की तुम्ही काही बोलत नाही, नुसता टाळ हळू करता, त्यातलाच तो प्रकार. दादाला मीच सांगितलं होतं, त्याच्यावर चिडू नका. त्याने अर्धंच सांगितलं, एवढंच.

तर हो, जाते. पण देवाला नव्हे, एका बाईंना भेटायला जाते. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. आई, तुला वाडीवरची माणसं अजून म्हणतात ना, तशा.

माझं ऑफिस नॉर्थ सिडनीत आहे. आजूबाजूला सगळ्या काचेच्या उंच इमारती, आणि त्यांच्यामध्येच माउंट स्ट्रीटवर जुनं कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचा मठ, आणि एक लहानसं चॅपल. पहिल्यांदा आत शिरले ती पावसामुळे, छत्री विसरले होते म्हणून. आत थडगं आहे. मी मागच्या बाकावर ओला कोट सांभाळत बसले होते, तेवढ्यात बांधकामावरचा एक पोरगा आला. नारिंगी जॅकेट, हातात हेल्मेट. दारातल्या पायपुसण्यावर त्याने बूट किती वेळ घासले! मग वाकला, दगडावर तळवा टेकवला, अर्धा मिनिट तसाच राहिला आणि निघून गेला. समाधीवर हात ठेवायची रीत इकडेही आहे, हे मला माहीतच नव्हतं. आळंदीला तुम्ही मला उचलून धरलं होतंत ते आठवलं.

त्या दगडाखाली मेरी मॅकिलॉप आहे. काल, ८ ऑगस्टला, तिची पुण्यतिथी होती. २०१० साली पोपनी तिला संतपद दिलं. ऑस्ट्रेलियाची ती पहिली संत. त्यासाठी त्यांच्याकडे चमत्कारांची छाननी होते. तो भाग माझ्या डोक्यावरून जातो, तुमच्या एखाद्या कीर्तनकाराला विचारा. मला ती आवडली ती जिवंतपणी काय करत होती त्यासाठी.

१८४२ साली मेलबर्नमध्ये जन्म. आई-वडील स्कॉटलंडहून आलेले. वडील रोमला पाद्री व्हायला शिकत होते, ते अर्धवट सोडलं. पुढे जे जे केलं त्यात पैसा घालवला. आठ भावंडं, त्यात ही थोरली. आज या नातेवाइकाकडे, उद्या त्या. चौदाव्या वर्षापासून ही कमावती. मेलबर्नमध्ये स्टेशनरीच्या दुकानात कारकुनी केली, मग १८६० मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पेनोला गावी नातेवाइकांकडच्या मुलांना शिकवायला गेली. घरातल्या मुलांना शिकवता शिकवता शेतावरच्या गड्यांची पोरंही तिने गोळा केली. कुणी सांगितलं नव्हतं. नन व्हायचं तिच्या मनात तेव्हापासूनच होतं, पण धाकटी हाताशी येईपर्यंत ती थांबली, कारण घर तिच्या पगारावर चालत होतं.

पेनोलाला एक धर्मगुरू होते, ज्युलियन टेनिसन वूड्स. भूगर्भशास्त्राचा नाद, आणि घोड्यावरून मैलोन्‌मैल फिरावं लागेल एवढा मोठा परगणा. वस्त्यांवरची पोरं अक्षरओळखीशिवाय वाढताहेत हे त्यांना दिसत होतं. दोघांनी मिळून ठरवलं आणि १८६६ मध्ये एका पडीक तबेल्यात शाळा भरली. मेरीच्या भावाने तबेला डागडुजी करून दिला, बहिणी मदतीला आल्या, पन्नासच्या वर पोरं जमली. आई, तुझी शाळा मारुतीच्या ओवरीत भरायची तेव्हा तू हसून म्हणायचीस, "आमचे हेडमास्तर शेंदूर लावून बसलेत." तबेल्याचं वाचलं आणि मला तेच ऐकू आलं.

त्यांनी काढलेल्या संघाचं नाव लांबलचक आहे, लोक नुसतं जोसेफाइट म्हणतात. तपकिरी झग्यांमुळे त्यांना 'ब्राउन जोई' असंही चिडवायचे. जोई म्हणजे कांगारूचं पिल्लू. नियम कसे होते ते ऐक. फी देता येत नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही. मोठ्या भिंतींचं कॉन्व्हेंट उभं राहायची वाट बघायची नाही, दोघी-तिघींनी एखाद्या झोपडीवजा घरात राहायचं, खाणकामगार आणि रेल्वेवाले जिथे असतील तिथे जायचं. तिथलं सरकार चर्चच्या शाळांना १८५१ पासूनच पैसे देत नव्हतं. म्हणजे आपल्या भाषेत कायम विनाअनुदानित! आणि एक नियम मला फार आवडला. पियानो शिकवायचा नाही. पियानो म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलींची शाळा. एकदा तो दारात आला की गरिबाचं पोर उंबऱ्यावरच थांबणार. (नंतर हा नियम सैल झाला. सगळेच होतात.) १८७१ पर्यंत साधारण एकशे तीस सिस्टर आणि चाळीसच्या वर शाळा आणि संस्था. पाच वर्षांत!

इथे मी वाचायची थांबले होते, आई. दिवाळी झाली की तुझ्या शाळेचा पट निम्म्यावर यायचा, त्याची आठवण झाली. मुकादमाची उचल घेतलेली घरं गाडीत भांडी भरून कारखान्याला निघायची आणि पोरं पाचटावर बसून जायची. तू घराघरात जाऊन म्हाताऱ्यांना विनवायचीस, नातवाला मागे ठेवा म्हणून. ज्यांच्याकडे म्हातारीसुद्धा नव्हती त्या चौघी तुझ्या खोलीवर राहायच्या. एका सुट्टीत मी आले होते. त्या चौघी एका गोधडीत झोपलेल्या, कडेची एक तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून. मी नऊ वर्षांची. मी आजीकडे राहायचे आणि माझी आई या मुलींच्या उशाशी. सोमवार ते शनिवार तू तिकडे, रविवारी फक्त माझ्या केसांना तेल लावायला घरी. बाबा पिठलं करायचे. गुठळ्यांचं करायचे, पण करायचे. आणि 'पती-पत्नी एकत्रीकरण' या मथळ्याचे अर्ज लिहायचे. ते कोणत्या टेबलाखाली जिरले ते तुम्हालाच ठाऊक.

बाबा, पुढचा भाग तुमच्यासाठी. २२ सप्टेंबर १८७१. मेरी एकोणतीस वर्षांची. ॲडलेडच्या बिशपने तिला वाळीत टाकलं. खरोखरचं वाळीत. चर्चमधल्या कुणी तिच्याशी बोलायचं नाही. वाद कशावरून, तर सिस्टरांनी कुठे जायचं, कसं राहायचं, हे त्यांच्यातलीच प्रमुख ठरवणार की बिशप. शिवाय त्याआधी काही सिस्टरांनी एका धर्मगुरूकडून मुलांवर होणाऱ्या अत्याचाराची तक्रार वर नेली होती, त्याचा राग काहींच्या पोटात होता. बऱ्याच सिस्टरांना घालवून दिलं, शाळा बंद पडल्या. तेव्हा डोक्यावर छप्पर कुणी दिलं, सांगू? इमॅन्युएल सॉलोमन नावाच्या एका ज्यू गृहस्थाने, भाडं न घेता. आणि आज ती ज्यात आहे ते थडगं एका प्रेस्बिटेरियन, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती पंथातल्या, मैत्रिणीने दिलेलं. म्हणजे 'चर्चमध्ये जातेस म्हणे' याचं उत्तर तिच्या हयातीतही एवढं सरळ नव्हतं.

पाच महिन्यांनी, मरणाच्या दारात असताना, बिशपने तो हुकूम मागे घेतला. तुम्हाला पैठण आठवेल. संन्याशाच्या पोरांनी शुद्धिपत्रासाठी ब्रह्मवृंदापुढे जाऊन उभं राहायचं. हिलाही शेवटी तेच करावं लागलं. १८७३ मध्ये बोटीने थेट रोमला गेली, पोप नवव्या पायसना भेटली. निकाल अर्धा हिच्या बाजूने लागला. कारभार सिस्टरांच्याच हाती राहिला, पण मालमत्ता अजिबात नको हा नियम गेला. त्यावरून फादर वूड्स दुरावले, ते कायमचेच. ज्यांच्यासोबत तबेल्यात सुरुवात केली तेच. मला वाळीत टाकण्यापेक्षा हे जास्त लागलं.

बाकी बिशपांशी खटके आयुष्यभर चालले, ते सगळं लिहीत नाही. एक मात्र लिहिते. डॉक्टरांनी दुखण्यावर ब्रँडी घ्यायला सांगितली होती, त्यावरून 'दारू पिते' अशी आवई उठवली. १८८३ मध्ये तिला ॲडलेड सोडायला लावलं, म्हणून ती सिडनीत आली. बाईमाणूस ऐकत नाही म्हटल्यावर काय काय निघतं! आई, तुझ्या खोलीवर रात्री दिवा का जळतो याची चौकशी गावात कुणी लावली होती, ते तू मला मी कॉलेजात गेल्यावर सांगितलंस. दिवा त्या चौघींच्या पाढ्यांसाठी जळायचा.

मेरी आपल्या आईला सतत पत्रं लिहायची. आई म्हणजे फ्लोरा. १८८६ मध्ये ती लेकीच्या धर्मादाय बाजाराच्या कामाला हातभार लावायला बोटीने सिडनीला निघाली, वाटेत बोट फुटली आणि ती गेली. हे वाचून त्या दिवशी मी ऑफिसातून तुला फोन केला होता. तू म्हणालीस, "अगं, आत्ता? काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, सहज.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. १९०२ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, न्यूझीलंडमध्ये मेरीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर सात वर्षं ती चाकाच्या खुर्चीत होती. डाव्या हाताने लिहायला शिकली. १९०५ मध्ये सिस्टरांनी तिलाच पुन्हा प्रमुख निवडलं, खुर्चीसकट. १९०९ मध्ये गेली, याच माउंट स्ट्रीटवर. आधी दुसरीकडे पुरलं होतं, पण लोक थडग्यावरची माती नेऊ लागले म्हणून १९१४ मध्ये इथे आणलं.

आई, तुझा उजवा हात गेला त्याला आता चौदा महिने झाले. फिजिओथेरपीची मुलगी सांगते, डावा हात उत्तम चालतो. तू त्याने लसूण सोलतेस, जपमाळ ओढतेस, मोबाइलवर मला अंगठा पाठवतेस. फक्त लिहीत नाहीस. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तिला म्हणे अक्षर घाण येतं." फळ्यावर तुझा सुविचार वाचायला केंद्रप्रमुख थांबायचे, असलं तुझं अक्षर, त्यामुळे दुखणं मला कळतं. पण डावखुऱ्या पोरांची बोटं इतर शाळांत पट्टीने लाल व्हायची तेव्हा तुझ्या वर्गात ती डाव्याच हाताने लिहायची. आणि पाटी पुसायला निघालेल्या पोराचा हात धरून तू म्हणायचीस, "वाकडं तर वाकडं, आधी मला दाखव." मीच ते ऐकलंय, त्या सुट्टीत, दाराआड रुसून बसले होते तेव्हा.

त्याच सुट्टीनंतर मी तुला पोस्टकार्ड टाकलं होतं. चौथीतलं अक्षर, त्यात एकच ओळ. "आई तू त्यांची आई आहेस का माझी? खरं सांग." तू शनिवारी आलीस, रविवारी माझे केस विंचरलेस, पोस्टकार्डाबद्दल चकार शब्द नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. पण रुसवा मी पुष्कळ वर्षं जपला, कदाचित इतक्या लांब येण्यात तोही थोडा होता. आता त्या चौघींपैकी एक अंगणवाडीत सेविका आहे आणि दर पाडव्याला तुझ्यासाठी गाठी घेऊन येते, हे तूच फोनवर सांगतेस आणि मला कसलाही राग येत नाही. कधी गेला ते कळलं नाही.

उत्तर मात्र अजून हवं आहे. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट आहे. एक ओळ पुरे. डाव्या हाताने.

छोटीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, तिच्याऐवजी तुम्ही लिहून पाठवू नका, तुमचं अक्षर मी ओळखते. आणि बीपीच्या गोळ्या अर्ध्या करून खाताय असं दादा म्हणाला. तेही अर्धंच सांगितलं असेल तर बरं.