खात्यावर बाबांचं नाव

स्टुटगार्ट, जर्मनी,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. फोनवर बाबा दोनदा "हं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून. गेल्या रविवारी मी "माझं सांगलीचं खातं आता एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं, करावं लागेल" असं म्हटलं, त्यावर बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि "बघू" म्हणाले. बाबांचं "बघू" मी लहानपणापासून ओळखते. सहलीच्या पैशांना "बघू" म्हणजे मिळणार, स्कूटीला "बघू" म्हणजे विसर. हे "बघू" मात्र ओळखीचं नव्हतं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे, सोबत दोन फॉर्मही आहेत.

आधी इथल्या खात्याची गोष्ट. सव्वा महिना मी "झालं, झालं" म्हणत होते ते खोटं होतं. झालं नव्हतं.

इथे राहायला आलं की दोन आठवड्यांच्या आत बुर्गरब्युरोत, म्हणजे पालिकेच्या कचेरीत, जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. पहिला महिना मी ज्या खोलीत राहिले तिच्या मालकाने भाडं रोख घेतलं आणि कागद द्यायला नकार दिला. कायमचं घर शोधायला गेले तर तिथे तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, जुनी देणी फेडली की नाही ते सांगणारा शूफाचा दाखला आणि इथलं बँक खातं हवं. बँकेत गेले तर पत्त्याच्या नोंदणीचा कागद हवा. पगार जमा करायला ऑफिसला खातं हवं. म्हणजे घर नाही म्हणून खातं नाही, आणि खातं नाही म्हणून घर नाही. मुंबई आणि हे शहर 1968 पासून भगिनी शहरं आहेत. मावशीच्या गावी आले आणि ओसरीवरच बसून राहिले, असं झालं.

भाड्याचीही गंमत आहे, आई. इथे थंड भाडं आणि गरम भाडं असे दोन प्रकार असतात. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. हीटर, पाणी, जिन्याची सफाई धरली की ते गरम. मी पहिल्यांदा जाहिरातीतलं थंड भाडं वाचून खूश झाले होते.

बँकेच्या काउंटरवर ती बाई माझा पासपोर्ट उलटसुलट बघत होती, तेव्हा मला बाबा दिसले. तुमच्या शाखेत एमआयडीसीतला तो बिहारचा पोरगा यायचा, आठवतं? मी शाळा सुटली की तुमच्या टेबलामागच्या स्टुलावर बसायचे. त्याच्याकडे ना रेशनकार्ड, ना लाइटबिल. तुम्ही त्याला तीनदा परत पाठवलंत. चौथ्यांदा आला तेव्हा तुम्ही त्याला समोरच्या टपरीवर नेलंत आणि अण्णांना म्हणालात, "रोज चहा पितो ना तुझ्याकडे? मग ओळखदार म्हणून सही कर." अण्णांचं खातं होतंच, सही झाली, खातं निघालं. मला तेव्हा वाटायचं, तीनदा परत का पाठवलं? आता तो पोरगा मीच होते आणि चहाची टपरी काही सापडेना.

शेवटी ऑफिसमधल्या एकीची मैत्रीण सहा महिने बाहेरगावी जाणार होती. तिची खोली मी पोटभाड्याने घेतली आणि मालकाकडून तिने कागदावर सही आणून दिली. त्यावर नोंदणी झाली. मग एका ऑनलाइन बँकेत अर्ज केला. ओळख पटवायला व्हिडिओ कॉल होता, त्यात माझा पासपोर्ट चालला नाही. म्हणून पोस्टात जावं लागलं. इथे पोस्टातला माणूस बँकेसाठी तुमचा पासपोर्ट तपासून देतो. त्याने एकेक अक्षर वाचत नाव टाइप केलं. खातं उघडलं!

कार्ड एका पाकिटात येतं आणि पिन दुसऱ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. आठ दिवस झाले, दोन्ही नाहीत. विचारलं तर कळलं, परत गेली. का? तर टपालपेटीवर माझं नाव नव्हतं. इथे पत्त्यात खोलीचा नंबर नसतो. पोस्टमन फक्त पेटीवरचं नाव वाचतो, आणि नाव नसेल तर पत्र उलट्या पावली जातं. आपल्याकडे "मारुतीच्या देवळामागे, गुरुजींच्या शेजारी" लिहिलं तरी पोस्टमनकाका आणून देतात. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने नाव लिहून चिकटवलं आणि पुन्हा मागवलं. पिन आला तो दिवाळी पाडव्याला. वहीपूजन समजा.

बाबा, तुमच्यासाठी एक मजेची गोष्ट. इथला खातेनंबर, आयबॅन, 22 अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढचे दोन आकडे तपासणीचे, मग बँकेचे आठ, मग खात्याचे दहा. एक आकडा चुकला की तपासणीचे दोन आकडे जुळत नाहीत आणि पैसे जातच नाहीत. तुम्ही रात्री आठपर्यंत बसून बेरीज जुळवायचा, ते काम दोन आकडे करतात. चेकबुक मात्र कोणाकडे दिसलं नाही. वीज, फोन वगैरेंना आपणच खात्यातून पैसे ओढायची परवानगी द्यायची आणि चुकून ओढले तर आठ आठवड्यांत परत मागवता येतात. हे मला आवडलं.

आणि सगळं झाल्यावर कळलेली गोष्ट: 2016 पासून इथे कायदा आहे की कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही बँकेने साधं खातं दिलंच पाहिजे, पक्का पत्ता नसला तरी. बाझिसकोंटो म्हणतात. अर्ज पूर्ण भरून दिला की दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने निकाल लावायचा. मी ज्या काउंटरवर उभी होते तिथे हे कोणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तुम्ही म्हणायचा ना, गिऱ्हाइकाने विचारलं तरच नियम सांगायचा असं शिकवलेलं असतं.

आता व्हिसाचं. आई, तू मागे विचारलंस की एप्रिलमध्येच जाता येत होतं, तर मी ऑगस्टपर्यंत का थांबले. तेव्हा मी "कागदपत्रं" म्हणून टाळलं होतं. खरं कारण बाबांची एफडी.

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली चान्सेनकार्ट. जून 2024 पासून सुरू झालेलं हे कार्ड. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण मोजतात आणि सहा भरले की नोकरी नसतानाही वर्षभर येऊन शोधता येते, मध्ये आठवड्याला वीस तास काम चालतं. पण पोटापाण्याची सोय दाखवायला बंद खात्यात महिन्याला 1,091 युरो या हिशोबाने वर्षाचे पैसे आधी ठेवायचे. म्हणजे 13,092 युरो, तेव्हाच्या भावाने सुमारे साडेबारा लाख. ते दर महिन्याला हप्त्याने आपल्यालाच मिळतात, पण भरायचे एकदम. वर दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर आपली बँक वीस टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापणार, ते पन्नासेक हजार रिटर्न भरेपर्यंत अडकणार. बाबा दुसऱ्याच दिवशी एफडीची पावती घेऊन बसले होते. ती पावती कशासाठी ठेवली आहे हे मला माहीत आहे, आईच्या गुडघ्यांसाठी. मी ती मोडू दिली नसती.

दुसरी वाट आमच्या चाकणच्या कंपनीची. त्यांनी आयसीटी कार्डावर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या परवान्यावर, पाठवायची तयारी दाखवली होती. सगळं तेच करणार, मी नुसती बॅग भरायची. पण ते कार्ड जास्तीत जास्त तीन वर्षांचं आणि त्याच कंपनीला बांधलेलं, करारही तिकडचाच. माहेरहून पाठवलेल्या पाहुणीसारखं. सोपं होतं, मोह झाला होता.

तिसरी ब्ल्यू कार्ड. त्यासाठी इथल्या कंपनीचा करार हातात हवा. पगाराची अट यंदा, 2025 मध्ये, वर्षाला 48,300 युरो, इंजिनिअरसारख्या माणसं कमी असलेल्या कामांना 43,759 युरो 80 सेंट. (ते 80 सेंट वाचून बाबा खूश होतील.) यात पैसे बंद करून ठेवावे लागत नाहीत. शिवाय जर्मन बी-वन पातळीपर्यंत येत असेल तर 21 महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो, नाहीतर 27. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी सकाळी सातच्या बॅचला धावत जायचे तेव्हा आई म्हणायची, "कशाला ती भाषा, घशातून काढायची?" त्या घशातल्या भाषेने सहा महिने वाचवले, आई.

म्हणून थांबले. जूनपर्यंत चौतीस अर्ज केले, चार मुलाखती झाल्या, एक होकार आला.

आणखी एक गोष्ट मी व्हिसा निवडताना वाचली होती, तुम्हाला सांगितली नाही, कारण खात्री करायची होती. 1 मार्च 2024 नंतर ज्यांना पहिल्यांदा ब्ल्यू कार्ड मिळालं त्यांना आई-वडिलांनाही इथे आणता येतं, असा नवा नियम आहे. वाचून मी खोलीत एकटीच हसले होते. पण अट अशी की तुमचा खर्च आणि आरोग्यविमा पूर्ण माझ्यावर, आणि पंचावन्नच्या पुढच्या नवख्या माणसाला इथल्या सरकारी विम्यात सहसा घेत नाहीत. खासगी विमा बाबांच्या शुगरसकट कोण देईल आणि कितीला देईल? विचारते आहे. लगेच होईल असं नाही. बाबा लगेच म्हणतील, "आम्ही काय करणार तिथे?" तो वेगळा वाद आहे, समोरासमोर घालू. तोवर नव्वद दिवसांच्या व्हिसावर मे महिन्यात या. मे मध्ये इथे उजेड रात्री नऊपर्यंत असतो.

आता सांगलीच्या खात्याचं. तुम्ही छत्तीस वर्षं बँकेत काढलीत, तुम्हाला मी काय शिकवणार. पण जिल्हा बँकेच्या शाखेत हे प्रकरण कधी आलं नसेल. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या लेखी मी अनिवासी. मग साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ करावं लागतं. मी सप्टेंबरमध्येच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तो "अनिवासी" शब्द तुम्हाला लागणार हे माहीत होतं, म्हणूनच. खातं तेच राहणार, नंबर बदलतो का ते बँक सांगेल. बदल एवढाच की आपलं जोडखातं आता "दोघांपैकी कोणीही" राहणार नाही, "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" होईल. म्हणजे माझ्या हयातीत तुमच्या नुसत्या सहीवर पैसे निघणार नाहीत. म्हणून दुसरा फॉर्म मॅन्डेटचा, म्हणजे तुम्हाला खातं चालवायचा अधिकार देणारा, आहे. तो झाला की गॅस, सोसायटी, आईची औषधं सगळं तुम्ही पूर्वीसारखं काढू शकाल.

इथून पाठवीन ते पैसे वेगळ्या एनआरई खात्यात येतील. त्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजातून मात्र तीस टक्के आधीच कापतात, म्हणून तिथे जास्त ठेवू नका. माझं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहील, पुढे वाढवता येणार नाही. बस्स.

परवाची गोष्ट सांगायची राहिली. ऑफिसमधल्या एकीला मी ट्रामच्या तिकिटाचे पैसे दिले होते, ती फोनवरून परत पाठवत होती. गेल्या महिन्यापासून इथे पैसे पाठवताना नाव आणि खातं जुळतं का ते बँक तपासते. तिने माझं नाव आणि आडनाव टाकलं. स्क्रीनवर आलं, "नाव जवळपास जुळतं", आणि खाली खात्यावरचं पूर्ण नाव. पोस्टातल्या माणसाने पासपोर्टवरचं सगळं जसंच्या तसं घेतलं होतं ना. ती मला विचारते, "हा प्रभाकर कोण?"

मी म्हटलं, माझे बाबा. तिला काही कळेना, बापाचं नाव मुलीच्या मध्ये कसं? वीस मिनिटं समजावत होते, आमची ट्राम निघून गेली. आता कार्डवर, विम्याच्या पत्रावर, सगळीकडे तुम्ही आहात. पेटीवरच्या चिकटपट्टीवरही मी नंतर पूर्ण नाव लिहिलं, उगाच पुन्हा पत्र परत जायला नको.

आई, मेतकूट संपलं. पुण्याहून एक जण डिसेंबरमध्ये येणार आहे, त्याच्याकडे अर्धा किलो दे, जास्त नको, त्याचीही बॅग आहे.

बाबा, फॉर्मवर जिथे सह्या हव्यात तिथे पेन्सिलने फुल्या केल्या आहेत. पाच आहेत. सही बँकेत नोंदवली आहे तशी पूर्ण करा, भाजीच्या पावतीवर करता तशी नको, नाहीतर परत पाठवतील.

तुमची,
मीनू