शहर पात्र कधी होते?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील, शहरे साहित्यात पात्र म्हणून कशी येतात, हा लेख वाचला. शहर 'श्वास घेते', 'कधी झोपत नाही' अशी वाक्ये त्यात दाखला म्हणून दिली आहेत. पण हा झाला चेतनगुणोक्ती अलंकार, म्हणजे निर्जीवाला सजीव मानून बोलणे. पात्र ते, जे दुसऱ्याच्या वाटेत आडवे येते किंवा त्याच्या हातून काही करवून घेते.

दोस्तोयेव्स्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या कादंबरीत (१८६६) खुनाचा बेत मनात घोळवणाऱ्या रास्कोल्निकोवच्या घरापासून सावकारणीच्या घरापर्यंत बरोबर ७३० पावले आहेत. त्याने ती मोजलेली आहेत. घर इतके जवळ, की खुनाचा विचार नुसता विचार राहूच शकत नाही. त्यात जुलैचा उकाडा, चुना-विटांची धूळ, गुत्त्यांचा दर्प. पीटर्सबर्ग त्याला खोलीतही बसू देत नाही आणि बाहेरही मोकळा श्वास घेऊ देत नाही.

जेम्स जॉइसची कादंबरी 'युलिसिस' घडते डब्लिनमध्ये, १६ जून १९०४ रोजी. किल्ली विसरलेल्या ब्लूमला, तिच्या नायकाला, रात्री स्वतःच्याच घरात शिरायचे आहे. जॉइसने १९२१ मध्ये पॅरिसहून डब्लिनच्या मामीला पत्र टाकून विचारले: ७, एकल्स स्ट्रीटच्या (ब्लूमच्या घराच्या) कठड्यावरून साध्या माणसाला खाली लोंबकळून, इजा न होता उडी टाकता येईल का? इथे कठड्याची उंची ठरवते माणसाने काय करायचे ते. (रस्त्यांची नावे त्याने डिरेक्टरीतून घेतली, पण डिरेक्टरीत उडी सापडत नाही!)

'गोलपिठा' या कवितासंग्रहात नामदेव ढसाळ मुंबईतल्या त्या वस्तीचे वर्णन करत बसत नाहीत. ती वस्तीच तिच्या बोलीत बोलते. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही काही शब्दांचे अर्थ विचारावे लागले.

फसते ते बहुधा एकाच जागी. लेखक चौक, पूल, स्थानके यांची यादी देतो, आणि तासाभराची वाट नायक अर्ध्या वाक्यात संपवतो. अंतराची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. त्यापेक्षा लेखकाने शहरातल्या रस्त्याचा एकच पट्टा घ्यावा, घड्याळ लावून सकाळी आणि रात्री चालावा, पाय कुठे अडतो, कोणते दार किती वाजता बंद होते, कोणाला कुठे हटकतात, एवढे टिपावे. मग मसुद्यात शहराचे नाव बदलून पाहावे. कथानकाला धक्का लागला नाही, तर ते शहर नेपथ्यच आहे. लेखातली निम्मी उदाहरणे इथेच गळतात.

– एक वाचक