संगणक खरेदीत मॉनिटरला शेवटचा नंबर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोजक्या पैशांत डेस्कटॉप घ्यायचा झाला की यादी नेहमी एकाच क्रमाने तयार होते: आधी प्रोसेसरचे नाव, मग रॅम, मग हार्ड डिस्क आणि शेवटी उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. हा क्रम उलटा हवा, हे आग्रहाने सांगण्यासाठी हे पत्र. पेटीतली (सीपीयू कॅबिनेटमधली) रॅम पुढे वाढवता येते, डिस्क बदलता येते, काही वर्षांनी अख्खी पेटी काढून टाकली तरी जुना मॉनिटर नव्या पेटीला जोडता येतो. मॉनिटर मात्र घेतला तसाच राहतो. त्याच्या पॅनेलमध्ये नंतर काहीही सुधारता येत नाही आणि रोज तासन् तास नजर तिथेच असते.

मॉनिटरचा आकार आणि रिझोल्यूशन नेहमी एकत्र बघावे. १९२० गुणिले १०८०, म्हणजे फुल एचडी, हे रिझोल्यूशन २४ इंची पडद्यावर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) देते. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की हा आकडा ८२ वर येतो. पडदा मोठा झाला म्हणून एकही ओळ जास्त मावत नाही, उलट अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. २७ इंचीच हवा असेल तर २५६० गुणिले १४४० चा घ्यावा (तिथे हाच आकडा १०९ होतो). ते बजेटमध्ये बसत नसेल तर २२ किंवा २४ इंची फुल एचडी हीच शहाणपणाची खरेदी. जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे १३६६ गुणिले ७६८ चे मॉनिटर टाळावेत. त्यांत दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून काम करता येत नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांना या आकड्यांचा फटका जास्त बसतो, कारण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर फार दाटी असते. विकत घेण्याआधी त्या पडद्यावर १२ पॉइंटमध्ये, झूम १०० टक्के ठेवून, ‘वर्षांनी, सर्वांत, विद्वत्ता, घ-ध, भ-म, प-ष’ एवढे टाइप करावे आणि हातभर अंतरावरून वाचावे. रफार आणि अनुस्वार वेगवेगळे दिसले पाहिजेत. ‘ष’ च्या पोटातली तिरकी रेघ ओळखू आली पाहिजे. रफार-अनुस्वाराचा मिळून किंवा ‘ष’ च्या पोटात नुसता काळा डाग दिसत असेल तर त्या पडद्यावर रोज लेखन-वाचन करणे डोळ्यांना जड जाईल.

मात्र अक्षरे धूसर दिसली म्हणून लगेच मॉनिटर नाकारू नये. आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ आकड्यांवर आहे का ते बघावे. मग केबल बघावी. निळ्या टोकाची, दोन स्क्रूंची व्हीजीए केबल अ‍ॅनालॉग संदेश पाठवते. त्यातून प्रत्येक पिक्सेल नेमका कुठे सुरू होतो याचा अंदाज मॉनिटरला स्वतः बांधावा लागतो आणि तो थोडा चुकला तरी अक्षरांना सावली येते. मॉनिटरवरच्या ‘ऑटो’ बटणाने काही अंशी सुधारणा होते, पण खरा उपाय एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल हाच. ऑफिसातून निघालेल्या बऱ्याच पेट्यांना एचडीएमआय नसते, नुसते डिस्प्लेपोर्ट असते. त्यातून एचडीएमआय मॉनिटरला जोडणारा साधा कन्व्हर्टर चालतो. उलट दिशेला, म्हणजे पेटीत एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर तो चालत नाही. तिथे वेगळे, महाग उपकरण लागते. केबल कोणती लागेल हे पैसे देण्याआधीच पाहून घ्यावे.

पॅनेलच्या प्रकारांपैकी (आयपीएस, टीएन, व्हीए) आयपीएस असावे. टीएन पॅनेलमध्ये मान जरा खाली-वर केली की रंग पालटतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो आणि चित्रपटांसाठी ते छान, पण स्वस्त व्हीएमध्ये मजकूर वर-खाली सरकवताना गडद भागात फरपटल्यासारखे दिसते. खोक्यावरचे ‘१ एमएस’ (चित्र बदलण्याचा वेग) आणि ‘एचडीआर’ (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) हे शब्द लेखन, हिशेब, अभ्यास यांसाठी बिनकामाचे आहेत, त्यांच्यापायी जास्तीचे पैसे देऊ नयेत. त्याच पैशांत उंची खाली-वर होणारा स्टँड मिळत असेल तर तो जरूर घ्यावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आली की मान दुखत नाही. स्टँड साधा असला तरी मागे १०० गुणिले १०० मिलिमीटरची चार भोके असावीत, म्हणजे पुढे कधीही मॉनिटर हातासारख्या वळणाऱ्या स्टँडवर (मॉनिटर आर्मवर) चढवता येतो.

मॉनिटरऐवजी छोटा टीव्ही वापरण्याचा मोह अनेकांना होतो. बरेच टीव्ही रंगांची माहिती अर्धवट घेतात, त्यामुळे निळ्यावर लाल अक्षरे विरघळल्यासारखी दिसतात. शिवाय अनेकदा कडेचा थोडा भाग कापला जातो. त्या इनपुटला सेटिंगमध्ये ‘पीसी’ नाव देऊन काही टीव्हींत हे सुटते, सगळ्यांत नाही.

आता पेटीकडे. ‘आय५ संगणक, ८ जीबी रॅम’ एवढ्या वर्णनाला काहीही अर्थ नाही. २०११ चा आय७-२६०० आणि २०२२ चा आय३-१२१०० या दोघांत चारच कोअर (काम करणारे भाग) आणि आठच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, पण हा आय३ त्या आय७ ला मागे टाकतो. नावापुढचा पूर्ण आकडा हीच प्रोसेसरची खरी ओळख. विकणाऱ्याने तो दिला नाही तर पेटी चालू करून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबावे. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ खाली प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरले आहेत हे सगळे दिसते. जुन्या संगणकांच्या जाहिराती छापताना वृत्तपत्रांनीही पूर्ण आकड्याची अट घालावी, अशी विनंती आहे. एका ओळीने बरीच फसगत टळेल.

आकड्यानंतरचे अक्षरही वाचावे. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) नाही, वेगळे कार्ड घातल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये ५६००जी ला ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० ला नाही. तंग बजेटमध्ये कार्ड टाळायचे असते, म्हणून हे अक्षर चुकले की सगळे गणित कोलमडते.

कमी पैशांत सर्वांत जास्त काम देतात त्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेल्या पेट्या: डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोची थिंकसेंटर. त्यात इंटेलची आठवी पिढी (पूर्ण आकडा ८ ने सुरू होणारी, जसे ८५००) ही खालची मर्यादा धरावी. विंडोज १० ची मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. एएमडीचे घ्यायचे तर रायझन ३००० मालिका किंवा पुढची. आठव्या पिढीतला आय५-८५०० सहा कोअरचा आहे. घरगुती काम, अभ्यास, ऑनलाइन वर्ग यांना तो आजही पुरून उरतो.

पेटीचा आकारही बघावा. सर्वांत छोटी, पुस्तकाएवढी पेटी टेबलावर जागा कमी घेते, पण तिला लॅपटॉपची रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड बसत नाही आणि तिचा अ‍ॅडॉप्टर वेगळा असतो, तो सोबत मिळालाच पाहिजे. मधल्या आकारात फक्त कमी उंचीचे कार्ड बसते. उभा टॉवर दुरुस्तीला सर्वांत सोपा. मात्र या ब्रँडेड पेट्यांच्या एसएमपीएसचे (वीजपुरवठ्याच्या डब्याचे) प्लग बहुधा कंपनीचे स्वतःचे असतात. तो जळला तर बाजारातला साधा एसएमपीएस थेट लागत नाही. कार्डासाठी जादा वीजजोडही त्यात अनेकदा नसतो, आणि स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपलीकडे वीज मिळत नाही. पुढे खेळांसाठी कार्ड घालायचा विचार असेल तर या पेट्यांच्या वाटेला जाऊ नये.

डिस्कबद्दल तडजोड नको. विंडोज फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर प्रोसेसर कितीही चांगला असो, संगणक रखडतोच, कारण असंख्य छोट्या फायली वाचायला डिस्कच्या सुईला सारखे इकडून तिकडे जावे लागते. २५६ जीबीची साधी साटा जोडाची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) पुरते. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी अधिक वेगवान, पण रोजच्या कामात हार्ड डिस्क ते एसएसडी या उडीपुढे तो फरक किरकोळ. जुनी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओ साठवायला आत राहू द्यावी. रॅम १६ जीबी उत्तम, ८ जीबी किमान. १६ जीबी घ्यायची तर एका १६ च्या पट्टीऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात. प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर चालते आणि दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी माहिती जाते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

जुनी पेटी घेताना एवढे तरी तपासावे. चालू करताच बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पाहावे. तिथे पासवर्ड विचारला आणि विक्रेत्याकडे तो नसला तर पेटी घेऊ नये. वायर काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावावी. तारीख-वेळ मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण बॅटरी संपली आहे. ती बदलणे सोपे, पण न बदलल्यास चुकीच्या तारखेमुळे वेबसाइट सुरक्षेचा इशारा देत उघडत नाहीत आणि लोक उगाच इंटरनेटला दोष देतात. डिस्कचे आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने बघावे. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब झाल्याने बाजूला काढलेले भाग) शून्याहून जास्त असतील तर त्या डिस्कची किंमत शून्य धरूनच भाव करावा. अर्धा तास व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐकावा. पंखा सतत पूर्ण वेगाने घोंघावत असेल तर धूळ साचली आहे किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली आहे, आणि दोन्हींवर इलाज स्वस्त आहे. मॉनिटर जुना असेल तर पूर्ण पडदा पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून मेलेले पिक्सेल शोधावेत. पांढरा रंग पिवळट दिसत असेल आणि ब्राइटनेस १०० वर नेऊनही पडदा मंद असेल तर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) थकला आहे, तो मॉनिटर सोडून द्यावा.

राहता राहिला प्रश्न ज्यांच्या घरी चौथ्या ते सातव्या पिढीची पेटी आधीच आहे त्यांचा. ती भंगारात घालण्याची गरज नाही. एसएसडी आणि ८ जीबी रॅम घालून तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी. ती मोफत आहे, सुरक्षा अद्यतने मिळत राहतात, मराठी युनिकोड, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस (पत्रे-तक्ते करण्याचा प्रोग्रॅम) नीट चालतात. पेनड्राइव्हवरून चालवून आधी पाहता येते, त्यासाठी डिस्कवरचे काहीही पुसावे लागत नाही. प्रिंटर आणि वायफाय तेव्हाच तपासून घ्यावेत. विंडोजच लागणारे एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर मात्र हा मार्ग चालणार नाही. आणि ‘विंडोज फुकट अ‍ॅक्टिव्हेट करून देतो’ म्हणणाऱ्याचा प्रोग्रॅम ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्याला कधीही लावू देऊ नये. तो चालवायला बहुधा अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच वेळी आत आणखी काय शिरले हे नंतर कळत नाही.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या कामातील एक वाचक