मालक गेल्यावर पावतीपुस्तक कोण उचलणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कोल्हापुरातल्या एका फुटबॉल संघाचा सगळा खर्च एकटे उचलायला एक मोठे व्यावसायिक तयार झाले आहेत, अशी चर्चा गेले पंधरा दिवस पेठेत चालू आहे. पोरं खुशीत आहेत. परदेशी खेळाडू येणार, नवा किट येणार, बाहेरचा कोच येणार, असं बरंच काही कानावर येतं. त्यांच्या आनंदावर विरजण घालायची मला हौस नाही. पण मी एका तालमीच्या फुटबॉल संघाचा २२ वर्षं खजिनदार होतो आणि असा एक मालक आमच्याकडे येऊन गेला आहे. तेव्हा काय झालं ते, यावर तालमीत होणाऱ्या येत्या सभेत कुणी उठून सांगेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

संघ चालायचा कसा, ते आधी सांगतो. दसरा झाला की आम्ही चौघं पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडायचो. किराणा दुकान, पिठाची गिरणी, मिसळवाले, रिक्षा स्टॉप, गुळाच्या अडतीवर बसणारे एक काका. कुणी ५१ द्यायचं, कुणी ५०१. एक आजी होत्या. त्यांच्या घरातलं कुणी कधी मैदानात उतरलं नव्हतं, तरी दरवर्षी डब्यातून १०१ रुपये काढून द्यायच्या आणि ‘यंदा पाटाकडीलला सोडायचं न्हाई’ असं त्या प्रतिस्पर्धी संघाबद्दल बजावायच्या. गणपतीतून काही शिल्लक राहायची, दोन-तीन दुकानांच्या जाहिराती मिळायच्या. सगळं मिळून चारेक लाख. त्यात बूट, किट, सरावानंतरची केळी-अंडी आणि बाहेरगावच्या एखाद्या स्पर्धेचा प्रवास बसायचा. ओढाताण असायची, पण हंगाम संपला की देणं शून्य.

मग एक बांधकाम व्यावसायिक आले. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, खेळाचा खरा शौकीन होता. पहिल्याच हंगामात खर्च १७ लाखांवर गेला. आफ्रिकेतून दोन खेळाडू आले, त्यांच्यासाठी फ्लॅट घेतला, खानावळ लावली. आमच्या स्थानिक पोरांनाही पहिल्यांदा मानधन मिळालं. आम्ही एका चषकाच्या अंतिम सामन्यात पोचलो तेव्हा शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. टायब्रेकरमध्ये हरलो, तरी रात्री उशिरापर्यंत पेठ जागी होती. तो दिवस मी विसरलेलो नाही.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर आम्ही नेहमीसारखे निघालो होतो, तेव्हा दुकानादुकानात एकच उत्तर मिळालं होतं. ‘आता वर्गणी कशाला? मालक हाय की!’ त्यात आम्हालाही काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही बाहेरच पडलो नाही. माझ्या २२ वर्षांतली सगळ्यात मोठी चूक कुठली, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. पैसा कधी ना कधी थांबतो, पण त्याआधी लोकांची द्यायची सवय मोडलेली असते आणि ते वहीत कुठंच दिसत नाही.

तिसऱ्या हंगामात, ऐन जानेवारीत, त्यांचे प्रकल्प अडकले. आधी ‘पुढच्या आठवड्यात बघू’, मग फोन बंद. फ्लॅटचं भाडं, खानावळीचं बिल, औषधाच्या दुकानाची उधारी, खेळाडूंचं दोन महिन्यांचं मानधन, सगळे माझ्या दारात. आफ्रिकेतून आलेल्या दोघांपैकी एकाचा गुडघा गेला होता. त्याच्या आईचा फोन यायचा आणि तिला इंग्रजीत काय सांगावं ते मला सुचायचं नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे आम्ही सात जणांनी आपल्या घरांतून काढले. पुढच्या दसऱ्याला पुस्तक घेऊन निघालो तर लोक विचारायचे, ‘तुमचा मालक कुठं गेला?’ आजी तोवर वारल्या होत्या. संघ खालच्या गटात घसरला आणि सावरायला चार वर्षं लागली.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी इंग्लंडात भाच्याकडे, कार्लाइलला गेलो होतो. तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर स्कॉटलंडची हद्द ओलांडली की ग्रेटना लागतं. जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, पळून आलेल्या जोडप्यांच्या लग्नांसाठी प्रसिद्ध. भाच्याला माझं वेड ठाऊक, त्यानं रेडेल पार्क हे तिथलं मैदान दाखवलं. आपल्याकडच्या एखाद्या हायस्कूलच्या मैदानासारखंच. या क्लबची गोष्ट तो सांगत होता आणि मला आमचा फ्लॅट आणि आमची खानावळ आठवत होती.

ग्रेटनाचा क्लब १९४६ चा. २००२ मध्ये त्याला स्कॉटिश लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि ब्रूक्स माइलसन या धनाढ्य उद्योजकानं त्याच्या मागं पैसा उभा केला. २००५ मध्ये चौथ्या स्तरातलं विजेतेपद, तेही ३६ सामन्यांत १३० गोल करून. २००६ मध्ये तिसऱ्या स्तरातलं, २००७ मध्ये दुसऱ्या स्तरातलं. ओळीनं तीन बढत्या. मध्येच २००६ च्या स्कॉटिश कपचा अंतिम सामनाही गाठला. हार्ट्स या मोठ्या क्लबनं त्यांना पेनल्टींवर हरवलं. पण सर्वोच्च लीगमध्ये पोचल्यावर रेडेल पार्क नियमांत बसेना. म्हणून ‘घरचे’ सामने शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या मदरवेलला खेळावे लागले. एका सामन्याला तर पाचशेसुद्धा माणसं नव्हती. तीन हजारांच्या गावातून आणखी किती येणार? २००८ च्या सुरुवातीला माइलसन गंभीर आजारी पडले आणि पैसा थांबला. मार्चमध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, उन्हाळा संपेपर्यंत संपला. नोव्हेंबरमध्ये माइलसनही गेले.

हे गृहस्थ लबाड नव्हते. दुसऱ्या छोट्या क्लबांच्या समर्थकांनाही ते हात सैल सोडून मदत करत. मालक सज्जन आहे की नाही, एवढंच बघून आपण निर्धास्त होतो. पण सज्जन माणूसही आजारी पडतो, त्याचाही धंदा बसतो, त्याच्या मुलांना फुटबॉलची आवड असेलच असं नाही. आज रेडेल पार्कवर ‘ग्रेटना २००८’ नावाचा क्लब खेळतो. तो समर्थकांनी नव्यानं उभा केला, खालच्या पायरीपासून.

लांबचं राहू द्या. पुण्यात काय झालं? २००७ साली पिरामल समूहानं पुणे एफसी काढला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, तो दुसरा आला. आज तो नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, तोही २०१० मध्ये बंद. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील, पण पुण्यातल्या बालेवाडी स्टेडियमच्या गॅलरीत जाऊन बसणाऱ्यानं आज कुणाचा झेंडा घ्यायचा?

आणि कोल्हापुरात खंडोबा आहे, दिलबहार आहे, पाटाकडील आहे, बालगोपाल आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. हे संघ टिकले ते पेठेचे आहेत म्हणून. मैदानावर ते हरतात, भांडतात, त्यांच्या समर्थकांमुळे कधी कधी मान खाली घालावी लागते, हे मला मान्य आहे. पण त्यांना बंद करायचा अधिकार कुणा एका माणसाकडे नाही.

पैसा नको, असं मी म्हणत नाही. गुडघा फुटेपर्यंत खेळणाऱ्या पोराला केळी-अंड्यांवर राबवणं हाही अन्यायच होता आणि तो आम्ही वर्षानुवर्षं केला. माझं म्हणणं पैसा कसा घ्यावा याबद्दल आहे. हंगामाचा पूर्ण खर्च, खेळाडूंच्या मानधनासह आणि परदेशी खेळाडूंच्या परतीच्या तिकिटासह, नोंदणीच्या आधी बँकेत जमा झाला पाहिजे. तो जमा असल्याशिवाय कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं (केएसए) बाहेरच्या खेळाडूची नोंदणी करू नये, ही माझी नम्र विनंती आहे. एकट्या माणसाकडून एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त घेऊ नये. उरलेलं पावतीपुस्तकातूनच यावं, मग पोरांना चार दारं जास्त फिरावं लागलं तरी चालेल. संघाचं नाव आणि नोंदणी तालमीकडेच राहावी. आणि हिशेब पेठेसमोर वाचून दाखवावा, पैसे देणारा समोर बसलेला असताना.

इंग्लंडात हे शहाणपण फार उशिरा आलं. १८८५ चा ‘बरी’ नावाचा फुटबॉल क्लब, एफए कप ही तिथली मानाची स्पर्धा दोनदा जिंकलेला. आधीच्या मालकाचा जमीन-बांधकामाचा धंदा डळमळल्यावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो एका पाउंडाला विकला गेला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये लीगमधून त्याची हकालपट्टी झाली. त्यानंतर खूप ओरड झाली, चौकशी झाली आणि २०२५ मध्ये क्लबांच्या पैशावर आणि मालकांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक कायद्यानं नेमला गेला. आपल्याला संसदेपर्यंत जायची गरज नाही. एका सभेत हात वर करून होण्याजोगं काम आहे.

सभा येत्या रविवारी संध्याकाळी तालमीत आहे. त्याआधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील. माझ्याकडे आमच्या संघाची जुनी पावतीपुस्तकं आहेत. मालक आले त्याच्या आदल्या वर्षाचं आणि ते गेल्यानंतरच्या वर्षाचं अशी दोन्ही घेऊन मी तिथं येणार आहे. पहिल्यात २१४ नावं आहेत, दुसऱ्यात ३७.

आपला,
एक माजी खजिनदार
शिवाजी पेठ, कोल्हापूर